आम्ही न वाचवलेली होडी

मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या बोटींची शर्यत लागते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. रावेरमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं. मी रावेरजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मेकॅनिक होतो. घड धुण्याचे हौद, माल पुढे नेणारा पट्टा, कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर आणि वीज गेली की सगळ्यांचा बाप असलेला डिझेल जनरेटर, एवढं माझ्या ताब्यात होतं.

पॅकहाऊसचा मालक मुंबईत राहायचा. वर्षातून तीन-चारदा यायचा, पांढरे बूट घालून. केळीचा चीक लागला की डाग जात नाही, हे आम्ही त्याला दर वेळी सांगायचो. तो दर वेळी हसून म्हणायचा, "अरे, मी मातीतला माणूस आहे." पुढच्या खेपेला बूट नवे असायचे.

अशाच एका खेपेला वीज गेली आणि जनरेटर घरघरून बंद पडला. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. आम्ही त्याला 'एअर धरली' म्हणतो. मी पंपाचा स्क्रू ढिला केला, हाताने डिझेल पंप करून फेस जाऊ दिला, स्क्रू आवळला आणि जनरेटर चालू केला. दहा मिनिटांचं काम. मालक मागे उभा राहून बघत होता. त्याने चक्क टाळ्या वाजवल्या.

"समुद्र पाहिलायस का रे कधी?" त्याने विचारलं.

"हो. मुंबईला दोनदा गेलो होतो, तेव्हा पाहिला."

हे उत्तर त्याला आवडलं नसावं. कारण पुढे शर्यतीच्या धक्क्यावर भेटेल त्याला तो माझी ओळख करून देताना सांगत होता, "हा आमचा रावेरचा माणूस. आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही!" समोरचे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी पहिल्या दोन-तीन वेळा दुरुस्त करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

मला नेण्याचं कारण साधं होतं. त्याच्या बोटीत एक छोटं डिझेल इंजिन होतं. बंदरातून आत-बाहेर करायला आणि अडचणीला लागतं म्हणून असतं. शर्यत चालू असताना ते वापरायचं नाही, हा नियम. ते इंजिन सारखं रुसायचं, नेहमीचा मेकॅनिक ऐन वेळी आजारी पडला, आणि मालकाला मी आठवलो. मॅनेजरचा फोन आला. "चार दिवस जाऊन ये. सरांनी सांगितलंय." मी हो म्हणालो. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर मी नेहमीच हो म्हणायचो.

बायकोने प्रवासाला दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. ती धुळ्यातल्या देवपूरची. धुळ्याहून रावेरला यायचं असलं तरी शिदोरी बांधणारी. समुद्रात चार दिवस म्हटल्यावर तिने वीस दशम्या केल्या. मी पहिल्या दिवशी एकही खाऊ शकलो नाही. बोट बंदराबाहेर पडून तिरकी झाली तसं माझं पोट उलटलं, आणि मी संध्याकाळपर्यंत बादलीला मिठी मारून बसलो होतो. दशम्या मालकाच्या दोन मित्रांनी संपवल्या. "अस्सल! एकदम अस्सल!" असं एकमेकांना सांगत. त्यातल्या एकाचा औषधांचा धंदा होता. दुसरा काहीच करत नव्हता. त्याच्या वडिलांनी दोघांच्या वाट्याचं करून ठेवलं होतं.

बोट चालवणारा माणूस पाचवा. रायगडकडचा खलाशी, पन्नाशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. शीड कधी वर घ्यायचं, कधी सोडायचं, वारा कुठून फिरणार, हे सगळं त्यालाच कळत होतं. तो मालकाच्या कानाशी जाऊन हळूच सांगायचा, आणि मालक तेच मोठ्याने ओरडून आम्हाला सांगायचा. दुसरी बोट जवळ आली किंवा कोणी फोन काढून चित्रण करू लागलं, की सुकाणू मालकाच्या हातात जायचं. बोट लांब गेली की पुन्हा खलाशाच्या. रात्रभर तो एकटा जागा होता. सकाळी मालक जांभई देत वर आला आणि म्हणाला, "रात्र कठीण गेली आपली."

मालक समुद्राविषयी फार बोलायचा. समुद्रावर सगळे सारखे असतात, हे त्याचं आवडतं वाक्य. आत तीन बिछाने होते आणि आम्ही पाच जण होतो. मी शिडाच्या पिशव्यांवर झोपलो, खलाशी झोपलाच नाही. त्यामुळे सारखेपणाचा हिशेब बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट ठिकाणावर आलं. किनारा डाव्या हाताला धूसर दिसत होता. पहाटे जमिनीवरून सुटणारा वारा असतो, तिकडे त्याला मतलई म्हणतात. तो हळूहळू मंदावत चालला होता. खलाशी म्हणाला, "दहा वाजता हा पडणार. मग दुपारपर्यंत काही नाही." आमच्या मागे थोड्या अंतरावर एक निळी बोट होती. मालकाचं सगळं लक्ष तिच्यावर. तिचा मालक याच्याच ओळखीतला, आणि गेल्या शर्यतीत त्याने याला मागे टाकलं होतं.

तेव्हा ती होडी दिसली. हिरवी, पिवळ्या पट्ट्याची, मासेमारीची लहान होडी. तिच्यावर चार माणसं होती आणि त्यातला एक जण लाल कापड जोरजोरात हलवत होता. आमची वाट तिच्या जवळूनच जात होती. आवाज पोचेल इतक्या अंतरावर आल्यावर त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ओरडला, "इंजिन बंद पडलंय! एअर धरलीय! पाना पाण्यात गेला आमचा!"

मला हसूच आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी असो की भर समुद्रात, डिझेल इंजिनाचा आजार एकच. मी मालकाकडे वळून म्हणालो, "सर, दहा मिनिटांचं काम आहे. मी करून देतो."

मालकाने मागे निळ्या बोटीकडे पाहिलं. "आत्ता वारा आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटांत तो निळीवाला पुढे निघून जाईल."

"सर, ते काल रात्रीपासून अडकलेले दिसतात."

"अरे, कोळी आहेत ते. समुद्र त्यांचं घर आहे. आपण वायरलेसवर किनाऱ्यावर कळवू."

खलाशाने सुकाणूवरचा हात काढला नाही, पण बोटीचं तोंड किंचित होडीकडे वळवलं. मालकाने ते बरोबर ओळखलं. "सरळ ठेव," तो म्हणाला. खलाशाने सरळ ठेवलं.

औषधवाल्या मित्राला काहीतरी करावंसं वाटलं असणार. त्याने पाण्याच्या दोन बाटल्या होडीच्या दिशेने फेकल्या. एक होडीत पडली, दुसरी पाण्यात. "चला, झालं," तो म्हणाला आणि हात झटकले. मी काय केलं? मी हात हलवला. गाडी सुटताना फलाटावरच्या माणसाला हलवतात तसा. तांडेलानेही हात वर केला. त्याला वाटलं असेल की आम्ही वळून येतोय.

पाना माझ्या खिशात होता. बाटल्या जिथे पोचत होत्या तिथे पानाही पोचला असता. हे मला सुचलं तेव्हा होडी मागे ठिपक्याएवढी राहिली होती. इतकी वर्षं मशीनशी बोलून मी हुशार समजला जात होतो, आणि माझ्या डोक्यात साधी एवढी गोष्ट वेळेवर शिरली नाही.

वायरलेसवर कोणी काही कळवलं नाही. मी एकदा आठवण केली, तेव्हा काहीच न करणारा मित्र म्हणाला, "आतापर्यंत दुसऱ्या कोणीतरी पाहिलं असेल."

खलाशी म्हणाला होता तसंच झालं. दहाच्या सुमाराला वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला आणि बोट जागच्या जागी डोलायला लागली. मागे निळ्या बोटीचंही तेच. ती क्षितिजाच्या कडेला अडकली होती. मालक अर्धा तास येरझाऱ्या घालत होता, म्हणजे बोटीवर जेवढ्या घालता येतात तेवढ्या. मग तो माझ्याजवळ आला.

"चालू कर."

"काय, सर?"

"इंजिन. एवढ्या लांबून त्यांना काय दिसतंय?"

मी खलाशाकडे पाहिलं. तो उठला, बोटीच्या पार टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मी खाली उतरलो आणि इंजिन चालू केलं. ते एका फटक्यात सुरू झालं. निघायच्या आधी मुंबईत मीच नीट केलं होतं. दोन तास आम्ही गुरगुरत दक्षिणेला गेलो. इंजिनाजवळ बसून मी ऐकत होतो, आवाज अगदी साफ होता. त्या होडीचंही इतकंच साफ चाललं असतं.

दुपारी वारा सुटला, शिडं भरली, इंजिन बंद झालं. पुढचा दीड दिवस मालक खुशीत होता. मग गोव्याच्या अलीकडे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक बोटीवर एक यंत्र बसवलेलं असतं, त्यावरून बोट कुठे आहे ते किनाऱ्यावरच्या लोकांना दिसतं. वारा नसताना सगळ्या बोटी एका जागी थांबल्या आणि आमची तेवढी सरळ रेषेत पळाली, हे कोणीतरी विचारणारच होतं. मालक आणि त्याचे मित्र खाली जाऊन बराच वेळ बोलले. वर आले तेव्हा तिघांचेही चेहरे शांत होते.

शर्यत संपल्यावर इंजिन वापरलं की नाही ते लिहून द्यावं लागतं. संकटातल्या माणसाला मदत करायला वापरलं तर चालतं. मालकाने लिहून दिलं की, मासेमारीची एक होडी बंद पडली होती, आम्ही तिला दोन तास दक्षिणेला तिच्या बंदराकडे ओढत नेलं, मग आमच्या मेकॅनिकने होडीत उतरून तिचं इंजिन चालू करून दिलं. ज्या होडीला आम्ही सोडून आलो, तिच्याच जिवावर आम्ही सुटलो.

संयोजकांनी शंका घेतली नाही. उलट त्यांना भरून आलं. संध्याकाळी हिरवळीवर समारंभ झाला. आमचा नंबर वर लागला होताच, शिवाय माणुसकीसाठी म्हणून एक वेगळी पाटी मालकाला मिळाली. निळ्या बोटीच्या मालकानेही टाळ्या वाजवल्या. संयोजकांपैकी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्यापाशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत विचारलं की, होडीत उतरून इंजिन तूच चालू केलंस ना? मालकाचा हात माझ्या खांद्यावर होता. मला तेवढं इंग्रजी कळतं. मी "येस सर" म्हणालो.

नंतर खलाशी मला धक्क्यावर भेटला. बिडी ओढत होता. "तुला विचारलं," तो म्हणाला. "मला कोणी विचारलंच नाही. खलाशाला विचारत नाहीत. त्यामुळे मी वाचलो."

मी घरी पोचायच्या आधी माझे फोटो पोचले होते. मालकाच्या ऑफिसने ते सगळीकडे धाडले होते. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला, त्यात माझा चेहरा, मागे शिडाची बोट आणि कोपऱ्यात, का कोण जाणे, एक डॉल्फिन. नगरपालिकेत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. ज्यांनी रावेर तालुक्याबाहेरचं पाणी पाहिलं नाही त्यांनी समुद्राच्या लाटांचं वर्णन केलं. एकाने मला सातपुड्याचा वाघ म्हटलं. मी मान खाली घालून बसलो होतो, तर लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस. देवपूरहून सासऱ्यांचा फोन आला. एरवी ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. "जवाई, आमनी मान वर कयी तुम्हीन," ते म्हणाले. "बठ्ठास्ले सांगी दिनं मी. खरं शे ना बठ्ठं?" सगळं खरं आहे ना, या प्रश्नावर मी म्हणालो, "नंतर बोलतो, आबा, इथे आवाज फार आहे." घरात मी आणि बायको सोडून कोणी नव्हतं.

बायको चहा गाळत होती. फोन ठेवल्यावर तिने कप माझ्यापुढे सरकवला. मी तिला सगळं सांगितलं. तिने मालकाला शिव्या दिल्या नाहीत, मलाही नाही. एवढंच विचारलं, "मग त्या चौघांचं काय झालं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? अहो, मेले असले तर?"

शाल अंगावर घेऊन चार भाषणं ऐकली, पण हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता. मालकाविषयी मनातल्या मनात जे जे म्हणत होतो, ते सगळं त्या क्षणी माझ्याकडे वळलं.

मी खलाशाला फोन केला. रंग आणि पट्टा सांगितल्यावर त्याला होडी कुठल्या बंदराची ते कळलं. आठवड्याची रजा टाकून मी निघालो. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, मग आणखी एक एसटी. बंदर लहान होतं. होडी वाळूवर ओढून ठेवलेली दिसली आणि मी वाळूत उतरलो. तांडेल तिच्या सावलीत जाळं विणत बसला होता.

"तुम्ही त्या दिवशी अडकला होता," मी म्हणालो. "मी त्या पांढऱ्या बोटीवर होतो."

त्याने मान वर केली. "हात हलवला तो?"

"हो."

"दुपारपर्यंत वाहत गेलो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त लागलं. "मग आमच्याच गावचा ट्रॉलर आला, त्याने ओढून आणलं. मासळी फेकून दिली. माझा चुलता होता बरोबर, म्हातारा माणूस. ऊन लागलं त्याला. आठ दिवस तापाने पडून होता. आता बरा आहे." मग त्याने विचारलं, "तू कोण त्यांचा?"

"मेकॅनिक."

त्याचे हात थांबले. "पाना होता तुझ्याजवळ?"

"खिशात होता."

मी आणलेली केळ्यांची पिशवी खाली ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा जाळ्यात डोकं घालून तो म्हणाला, "इतक्या लांबून आलास, चहा घेऊन जा. घरी बायको आहे." मी त्याच्या घरी गेलो आणि चहा प्यालो. म्हातारा चुलता ओट्यावर बसून होता. तो मला ओळखत नव्हता, म्हणून माझ्याशी चांगला वागला.

महिन्याभराने जळगावात मालकाने केळी उत्पादकांचा मेळावा घेतला. मोठा हॉल, मोठा पडदा, गावोगावहून बसने आणलेले शेतकरी. निर्यातीच्या गोष्टी संपल्यावर पडद्यावर बोट आली. संगीतासकट. मालक माइकवर त्या सकाळची गोष्ट सांगू लागला. होडी आता मोठी झाली होती, समुद्र खवळलेला होता, आणि चार माणसांची सात झाली होती. शेवटी तो म्हणाला, "आणि ज्याने हे केलं तो तुमच्यातलाच आहे!" आणि मला वर बोलावलं.

मी घरून ठरवूनच गेलो होतो. माइक हातात घेतला आणि म्हणालो, "हे खोटं आहे. आम्ही थांबलो नाही. त्यांना तिथेच सोडून पुढे गेलो. नंतर इंजिन चालू केलं ते शर्यतीसाठी. मीच केलं."

मी मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी याला काही होईल. तो हसला. अगदी मोकळं, प्रेमळ हसला, आणि दुसरा माइक उचलून म्हणाला, "बघितलंत? हा खानदेशचा मोठेपणा! श्रेय घ्यायलासुद्धा तयार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी म्हणत होतो, "मी त्या माणसाला भेटून आलोय, त्याचा चुलता..." पण माइक बंद झाला होता. निवेदिकेने जेवणाची घोषणा केली. भरीत आहे म्हटल्यावर सगळा हॉल उठला. ज्यांच्यापुढे मी खरं बोलायला इतके दिवस धीर गोळा केला, ते ताटांच्या रांगेत पुढे घुसायला एकमेकांना ढकलत होते.

बाहेर नळावर हात धुताना एक म्हातारा माझ्या शेजारी आला. आमच्याच तालुक्यातला असावा. धोतर, टोपी.

"तू म्हनला ते खरं व्हतं," तो म्हणाला.

"हो, आबा."

"मले समजलं. तोंडावरून समजते." त्याने हात झटकले. "पन एक सांग. तुह्या मालकानं म्हटलं चालू कर. तू कायले केलं? त्यानं काही तुले पान्यात फेकलं असतं?"

"नाही."

"मंग?"

"बारा वर्षं तो चालू कर म्हणतो आणि मी करतो, आबा. सवय झाली."

म्हाताऱ्याने धोतराला हात पुसले. "बैलाले बी इतकी सवय लागत नाही," तो म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. मॅनेजरला वाटलं पगार वाढवून पाहिजे, म्हणून त्याने तो तीन आठवडे तसाच ठेवला. आता रावेरमध्ये माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंप, जनरेटर, ट्रॅक्टर, जे येईल ते. मालक अजून शर्यतीला जातो आणि अजून बक्षिसं घेतो. त्याने माझ्या जागी घेतलेला मेकॅनिक परवा दुकानात आला होता, एक वॉशर मागायला. म्हणाला, सर यंदा मला बोटीवर नेणार आहेत, तुम्ही गेला होतात ना, कसं असतं? मी त्याला खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तो मधेच फोन बघायला लागला.